चनबसप्पांचे तीन खिसे

आधी माझी चूक सांगतो, मग माणूस सांगतो. उलट क्रमानं सांगितलं तर तुम्ही हसत राहाल आणि मी त्या हसण्याआड लपून बसेन. ती खोड मला आहे.

जळकोटला हायवेच्या कडेला, बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथं रोज अकराच्या सुमारास सत्तरीचे एक गृहस्थ यायचे. देवळात काढतात तशी चप्पल उंबऱ्याबाहेर काढायचे, माझ्या कॉम्प्युटरला दोन्ही हात जोडायचे आणि विचारायचे, "राजा, आलं का?"

"न्हाय, अप्पा."

"येईल," असं म्हणून ते चप्पल घालून चालू लागायचे. पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत.

पहिलं एक वर्ष माझं 'न्हाय' खरं होतं. पुढचे आठ महिने ते खोटं होतं. आलं होतं. माझ्या समोरच्या पडद्यावर होतं, आणि मी मान वर करून त्यांच्या तोंडावर 'न्हाय' म्हणत होतो.

आता माणूस.

चनबसप्पांना गाव नुसतं अप्पा म्हणतं. हा माणूस लेख लिहून द्यायचा. कुणालाही, कशावरही. फक्त लेख मागणारं कुणी नव्हतं. म्हणून ते मागणारा शोधत हिंडायचे, आणि त्यांची शोधायची रीत अशी होती की मागणारा असता तरी पळून गेला असता.

एखादं दुकान त्यांच्या मनात भरलं की ते समोरच्या बाकड्यावर अर्धा दिवस बसून राहायचे. बोलायचं काही नाही, नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी दोन पानांचा लेख लिहून आणायचे आणि काउंटरपुढं उभे राहून मोठ्यानं वाचायचे. मालकानं मागितलेला नसायचा, मालकाला वेळ नसायचा, गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं. "नमुना हाय," ते सांगायचे. "नमुन्याला नको म्हणायचं नसतं."

मोठ्यानं म्हणजे किती, ते सांगायला हवं. अप्पांनी तीस वर्षं रिक्षात बसून लाऊडस्पीकरवर जाहिराती केल्या होत्या. साड्यांचा सेल, तंबूतला सिनेमा, पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस, सगळं अप्पांच्या आवाजात. मजकूरही त्यांचाच. पुढं आवाज एकदा भरून ठेवला की रिक्षावाला एकटाच तो दिवसभर वाजवत फिरू लागला. अप्पा रिक्षातून उतरले, पण आवाज उतरला नाही. पंक्चरच्या दुकानात ते नमुना वाचू लागले की पलीकडच्या फाट्यावर उतरणारी माणसं 'आज काय सेल हाय का' म्हणून थांबायची.

वाचताना ते मालकाच्या तोंडाकडं बघत नसत. हातांकडं बघत. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत असेल तर अप्पांची नजर त्या हातांवर. हात चालूच राहिले की शेवटच्या चार ओळी गुंडाळायचे आणि निघायचे. मला वाटायचं, म्हातारा लाजतोय.

एवढ्यावर भागलं असतं तर दहातल्या एकानं तरी दया म्हणून लेख घेतला असता. पण अप्पांच्या लेखात खरं असायचं. एका मंगल कार्यालयावर त्यांनी लिहिलं होतं, "इथलं पाणी थोडं खारट आहे. जेवणाचा हॉल उन्हाळ्यात तापतो. पण इथं लग्न लागलेली बहुतेक जोडपी अजून एकत्र नांदत आहेत, हे लेखकानं स्वतः चौकशी करून पाहिलं आहे." मालकानं हात जोडले. "अप्पा, पाण्याचं तेवढं काढा."

"पाणी गोड करा, काढतो."

"आवो, जाहिरात हाय ही!"

"जाहिरात तीस वर्षं केली," अप्पा म्हणाले. "सेलचा शेवटचा दिवस, सेलचा शेवटचा दिवस म्हणत म्हैना म्हैना वरडलो. तोंडानं लई खोटं बोललोय म्या. हातानं न्हाय बोलणार."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. हात खोटं लिहिणार नाही. म्हणून गिऱ्हाईक मिळत नव्हतं आणि म्हणूनच, ते नंतर कळलं, लेख चांगले होते.

प्रत्येक भेटीचा निकाल ते चिठ्ठीवर लिहायचे. दुकानाचं नाव आणि उत्तर. ज्यांनी सरळ नाही म्हटलं त्यांची चिठ्ठी नेहरू शर्टाच्या उजव्या खिशात. जे 'बघू' म्हणाले त्यांची डाव्या. आपल्याकडं तोंडावर नाही कोण म्हणतंय? डावा खिसा पोट आल्यासारखा फुगलेला असायचा आणि शर्ट त्या बाजूला कलायचा. मी एकदा म्हणालो, "अप्पा, बघू म्हंजे न्हायच की."

"न्हाय म्हंजे मेलेलं," ते म्हणाले. "बघू म्हंजे दवाखान्यात हाय."

तिसरा खिसा आतल्या बंडीचा, चोरखिसा. तो 'व्हय' म्हणणाऱ्यांसाठी. त्याला कायम सेफ्टी पिन लावलेली असायची. पोरंटोरं विचारायची, "अप्पा, त्यात काय हाय?" ते त्यावर हात ठेवायचे आणि विषय बदलायचे. रिकाम्या खिशाला पिन कशाला, म्हणून स्टँडवर त्यांची पुष्कळ चेष्टा व्हायची. मीही करायचो.

गिऱ्हाईक शोधत ते एसटीनं लांब लांब जायचे. एकदा येरमाळ्याला गेले आणि देवीच्या वाटेवरच्या एका पेढेवाल्यासमोर सकाळपासून बसले. बघतायत, मान हलवतायत, कागदावर लिहितायत. पेढेवाल्याला वाटलं, तपासणीला साहेब आला. त्यानं आधी चहा दिला, मग पाव किलो पेढे दिले, मग कढईवर झाकण घातलं, मग पोराला पाठवून काचा पुसून घेतल्या. दुपारी अप्पा उठून वाचायला लागले, "या दुकानातल्या काचा लेखकासमक्ष पुसण्यात आल्या." पेढेवाल्यानं पेढे परत मागितले. अप्पांनी अर्धे खाल्ले होते. उरलेले परत केले आणि चिठ्ठी उजव्या खिशात टाकली.

मग त्यांच्या कानावर आलं की पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांना इंटरनेटवर टाकायला लेख लागतात आणि माणसं घरबसल्या ते लिहून देतात. अप्पा माझ्याकडं आले. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन. मी त्यांचे नमुने टाइप करायचे, माझ्या मेलवरून पाठवायचे, खाली माझा नंबर द्यायचा असं ठरलं. रसवंतीवरचा, पंक्चरवाल्यावरचा, सोनारीच्या जत्रेत बांगड्या भरणाऱ्या बाईवरचा असे चाळीसेक लेख माझ्या कॉम्प्युटरमध्ये जमले. अप्पा रोज येऊन विचारू लागले, आलं का.

एका मंगळवारी आलं. पुण्याची एक कचेरी होती, लहान गावांबद्दल वेबसाइट चालवणारी. रसवंतीचा लेख फार आवडला, आणखी असतील तर नियमित पाठवा, असं लिहिलं होतं. सुरुवात होती, "नमस्कार राजेंद्रजी."

आता कबूल करायचं तर पूर्ण करतो. पैशाचा मोह नव्हता, पैसे किरकोळ होते. मोह त्या 'जी'चा होता. सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी जी लावलेलं नाही. मला लोक म्हणतात, "ए झेरॉक्स, दोन्ही बाजू काढ." मी तो मेल तीनदा वाचला. मेल माझ्या नावाचा, म्हणून त्यांना लेखक मीच वाटलो. एका ओळीचं उत्तर लिहून ते निस्तरता आलं असतं. मी मनात म्हणालो, अप्पांना टाइप येत नाही, फोनवर बोलले तर मेल लिहिणाऱ्या बाईच्या कानाचा पडदा फाटेल, आधी जरा जम बसू दे, मग सांगू. आणि धन्यवाद लिहून दुसरा लेख पाठवला.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर चप्पल वाजली.

"राजा, आलं का?"

"न्हाय, अप्पा."

ते पहिलं 'न्हाय' जड गेलं. दुसरं नाही गेलं. महिन्याभरात ते इतकं सहज झालं की मी कीबोर्डवरून नजरही उचलत नसे.

लेख माझ्या नावानं येत राहिले. बायकोनं, सुनंदानं, ते तिच्या बहिणीला फोनवर वाचून दाखवले. दहावीच्या बॅचचं संमेलन झालं तिथं मला शाल आणि नारळ मिळाला, 'आपल्यातला लेखक' म्हणून. आभार मानायला उठलो तेव्हा तोंडातून निघालं, "मी हातानं खोटं लिहीत नाही." टाळ्या पडल्या. त्या माणसाचे लेख कमी पडले म्हणून की काय, मी त्याचं वाक्यही उचललं होतं. घरी येताना ती शाल मी पिशवीत तळाशी घातली.

साठवलेले लेख संपत आले तसा मी त्यांना विषय सुचवू लागलो. "अप्पा, ढाब्यावरच्या रोट्यांवर एक नमुना लिहा की."

अप्पांचा चेहरा उजळला. "कुणी मागितलाय?"

"कुणी न्हाय. आपलं तयार असू द्यावं."

"पण तू मागितलास की! भाळ छलो!" भाळ छलो म्हणजे लई चांगलं; खूश झाले की ते कानडीत शिरायचे. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडीच होतं. "पहिल्यांदा कुणीतरी मागितलं बघ, राजा."

मी प्रिंटरमध्ये कागद भरत होतो. भरलेलाच होता, तरी भरत होतो.

पुढं त्या कचेरीनं लिहिलं, राजेंद्रजी, या वेळी तुमच्या घरातल्या एखाद्या माणसावर लिहा. मी अप्पांना म्हणालो, घरच्या माणसावर लिहा. ते नेहमीसारखे 'भाळ छलो' म्हणाले नाहीत. एका दिवसात लेख आणणारा माणूस चार दिवस लावून आला. एकच पान होतं. वाचून न दाखवता त्यांनी ते काउंटरवर ठेवलं. "हे तूच वाच," म्हणाले, आणि त्या दिवशी 'आलं का' न विचारता गेले.

दुकानात गर्दी होती. मी मजकूर न बघता टाइप केला, म्हणजे डोळ्यांनी बघितला, वाचला नाही. सवयीनं खाली माझं नाव घातलं, प्रिंट काढली आणि संध्याकाळी घरी घेऊन गेलो. सुनंदा माझे लेख आधी वाचते, आठ महिन्यांत तसा रिवाज पडला होता. ती भाकरी थापत होती. हात पुसून तिनं कागद घेतला.

"'आमच्या घरचीला वाचता येत नव्हतं,'" तिनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "मला? डी.एड. झालंय माझं."

मी कागद ओढायला गेलो. तिनं दिला नाही. "'स्वयंपाक ती मध्यम करायची.' बरं. 'ती गेली त्याला दोन वर्षं झाली.' आवो, कुठं गेले म्या?"

मग तिनं पुढचं मनात वाचलं. तव्यावरची भाकरी करपली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, पहिल्यांदा.

"महादेवी तूर निवडत बसायची आणि मी जाहिरातीचा मजकूर वाचून दाखवायचो. मजकूर बरा असला की तिचा हात थांबायचा. बरा नसला की चालू राहायचा. तोंडानं ती कधी बरं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. तीस वर्षं मी तिच्या हाताकडं बघून लिहिलं. आता कुणाचा हात थांबतोय का, ते बघत दुकानं हिंडतो."

खाली माझं नाव होतं.

"हे अप्पाचं हाय," सुनंदा म्हणाली. मी मान हलवली. "मग ती रसवंती? तो पंक्चरवाला?" मी तव्याकडं बघितलं. "म्या बहिणीला सगळं वाचून दाखवलंय," ती हळू आवाजात म्हणाली आणि करपलेली भाकरी काढून माझ्या ताटात ठेवली.

जिवंत बायकोच्या समोर बसून दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोखाली आपली सही करणं जमलं नाही, तिथं माझा चांगुलपणा सुरू झाला. त्याआधीच्या लेखांना तो आडवा आला नव्हता, हे मी विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला सगळं खरं कळवलं. सगळे लेख चनबसप्पांचे आहेत, नाव बदला, पुढचे त्यांच्या नावानं घ्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. सभ्य होतं. नाव बदलतो आहोत. मात्र या महिन्यापासून बाहेरून लेख घेणं बंद केलं आहे, आता मजकूर यंत्राकडूनच तयार करून घेतो. शुभेच्छा. या वेळी 'जी' नव्हता.

म्हणजे अप्पांच्या आयुष्यातलं एकुलतं एक गिऱ्हाईक आलं, आठ महिने थांबलं आणि गेलं. त्या आठ महिन्यांत अप्पा रोज माझ्या उंबऱ्यावर चप्पल काढत होते.

त्यांनी विचारायच्या आधी आपण जाऊन सांगायचं, असं ठरवून मी सकाळी त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं एका गावात राहून मी तिथं गेलो नव्हतो. एक खोली, पुढं ओटा. ओट्यावर अप्पा पोतं अंथरून शेंगा फोडत होते. त्यांच्यासमोर भिंतीला लागून एक पाट मांडलेला होता, रिकामा. मी त्यावर बसायला गेलो तर म्हणाले, "इकडं बस, राजा. पोत्यावर."

मी पोत्यावर बसून सगळं सांगितलं. न थांबता सांगितलं, नाहीतर झालं नसतं. पुण्याहून आलेल्या पैशाचं पाकीट ठेवलं. त्यांनी ते न बघता पोत्याखाली सरकवलं. शेंगा फोडणं चालू होतं.

"वाचलं का कुणी?" त्यांनी विचारलं.

मी फोन काढला. लेखांखाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. एका बाईनं लिहिलं होतं की रसवंतीचे घुंगरू वाचून मला माहेरचा रस्ता आठवला. एकानं लिहिलं होतं, पंक्चरवाल्याचे हात माझ्या वडिलांसारखे वाटले.

"ते बाईचं अजून एकदा वाच."

मी वाचलं.

"आता नवीन मागत्यात का?"

"न्हाय, अप्पा." या वेळी ते खरं होतं. "बंद केलं त्यांनी. यंत्र लिहितं आता."

"म्हंजे आलं," ते म्हणाले, "आणि गेलंबी."

त्यांनी कोनाड्यातून चिठ्ठी घेतली, पेन्सिलीनं 'पुणे. व्हय.' एवढं लिहिलं आणि बंडीच्या चोरखिशाची सेफ्टी पिन काढली. पिन गंजली होती, वेळ लागला. खिशात बोटं घातली तशी आतून एक जुनी, घडीवर झिजलेली चिठ्ठी बाहेर आली आणि टरफलांत पडली. मी उचलून दिली. देताना दिसलं. 'महादेवी. व्हय.'

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, खिशात घातल्या, पिन लावली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"नाव लावलंस त्याचं काय न्हाय, राजा. लेख लोकांनी वाचावा म्हणून लिवला व्हता, तो वाचला लोकांनी. पण तू रोज न्हाय का म्हणत व्हतास? एक दिस तरी 'बघू' म्हणायचं."

मी म्हणू लागलो, "अप्पा, माझं—"

"तोंडानं नगं," त्यांनी हात वर केला. "तोंडाचं मला ठावं हाय. लिहून दे."

त्यांनी चिठ्ठी आणि पेन्सिल पुढं केली. मी टाइप करणारा माणूस, हातानं काही लिहून वर्षं झाली होती. गुडघ्यावर कागद धरून लिहिलं, दोनदा खोडलं. लिहून झाल्यावर कागद त्यांना देऊ लागलो तर त्यांनी घेतला नाही. शेंगांची पाटी पुढं ओढली आणि म्हणाले, "वाच."

मी उभा राहिलो. त्यांच्या तोंडाकडं बघण्याचा धीर नव्हता, म्हणून हातांकडं बघत वाचू लागलो.

"अप्पा, आलं होतं. आठ महिन्यांपूर्वीच आलं होतं."

हात चालू होता.

"ते तुमचं होतं. मी माझं म्हणून ठेवून घेतलं, आणि तुम्ही रोज चप्पल काढून आत आलात तरी रोज न्हाय म्हणालो."

हात थांबला.

"माझं चुकलं, अप्पा. मला माफ करा."